पडद्यावर उतरणारे विष

(पडदा अजून काळा आहे. फक्त पुंगीचे सूर ऐकू येत आहेत.)

हे सूर कानांवर पडले की डोळ्यांपुढे फणा उभा राहतो. 1954 साली आलेल्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटाने ते देशभर पोहोचवले, आणि आजही वरातीत कोणी रुमालाचे टोक दातांत धरून रस्त्यावर लोळण घेऊ लागला की बँडवाल्याला दुसरे काही सुचत नाही. मात्र हे सूर पुंगीचे नाहीत. हेमंतकुमार यांचे संगीत असलेल्या त्या चित्रपटासाठी कल्याणजी वीरजी शहा यांनी ते क्लेव्हिओलिन नावाच्या, फ्रान्समध्ये जन्मलेल्या विजेवरच्या वाद्यावर वाजवले होते. खऱ्या पुंगीला वाळलेल्या भोपळ्याचे पोट असते आणि त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या असतात, त्यांतली एक धून वाजवते आणि दुसरी एकच सूर धरून ठेवते. परंतु आपल्या कानाला आता क्लेव्हिओलिन खरे वाटते आणि भोपळ्याची पुंगी ऐकली तर ती नकली वाटते. सर्पदंशावरच्या गावठी उपायांचेही चित्रपटांनी असेच करून ठेवले आहे.

(रानातली पायवाट दिसते. संध्याकाळचा उजेड ओसरत आहे.)

प्रसंग आपल्याला तोंडपाठ आहे. गवतात काहीतरी सळसळते, किंकाळी ऐकू येते, पोटरीवर दोन ठसठशीत छिद्रे दिसतात आणि पाहता पाहता अंग निळे पडून तोंडाला फेस येतो. पुढे कथेला तीन वाटा असतात. नायक जखमेला तोंड लावून विष ओढतो आणि बाजूला थुंकतो. किंवा एखादा वनवासी म्हातारा दगडावर मुळी ठेचून तिचा लेप लावतो. किंवा गारुडी पुंगी फुंकून त्याच सापाला परत बोलावतो आणि साप निमूटपणे आपले विष शोषून घेतो. तिसरी वाट कोणी फारशी खरी मानत नाही. सापाला बाहेरचा कान नसतो, जमिनीतील कंपने जबड्याच्या हाडांतून त्याच्या आतल्या कानापर्यंत पोहोचतात, आणि हवेतले काही आवाज त्याला जाणवत असले तरी पुंगीपुढचा नाग डोलतो तो समोर हलणाऱ्या नळीवर नजर ठेवून. खरा घोळ पहिल्या दोन वाटांनी केला आहे, कारण त्या शक्य कोटीतल्या दिसतात.

तोंडाने विष ओढण्याचेच पाहू. या उपायामागे अशी कल्पना आहे की विष जखमेत पाण्यासारखे साठून राहते आणि ते परत वर खेचता येते. प्रत्यक्षात सापाचा दात इंजेक्शनच्या सुईसारखे काम करतो आणि त्याने आत सोडलेले विष ऊतींमध्ये पसरून लसिकावाहिन्यांमार्फत, म्हणजे ऊतींमधला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, पुढे जाऊ लागते. खास विष ओढण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पंपाची अमेरिकेत माणसांवर चाचणी घेण्यात आली, अर्थात खऱ्या विषाऐवजी निरुपद्रवी द्रव वापरून. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पंपाने रक्ताळलेले पाणी तेवढे बाहेर काढले आणि ‘विष’ जवळजवळ सगळे आतच राहिले. जे यंत्राला जमले नाही ते नायकाच्या ओठांना जमण्याचे कारण नाही. ब्लेडने चीर देण्याचा प्रकार तर याहून वाईट आहे. घोणशीचे विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकते, त्यामुळे तिच्या दंशावर दिलेली चीर वाहतच राहते. घट्ट आवळलेली दोरी विष थांबवत नाही, पण पाय मात्र काळानिळा करते, आणि अशी दोरी रुग्णालयात एकदम सोडली तर अडून राहिलेले विष झपाट्याने अंगात पसरू शकते.

मग हे उपाय खरे का वाटतात? याचे उत्तर चित्रपटात नसून गावात आहे.

(मारुतीच्या देवळाचा कट्टा दिसतो. कडुनिंबाची डहाळी जवळून दिसते.)

महाराष्ट्रात सापाचे नाव रात्री घेऊ नये असा संकेत आहे, म्हणून त्याला लांबडे किंवा जनावर म्हणतात, आणि साप चावला हेही सरळ न सांगता ‘पान लागले’ असे सांगतात. पान लागलेल्या माणसाला मारुतीच्या देवळात आणून बसवायचे, कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा आणि तो कडू लागत नसेल तर विष चढले असे समजून मांत्रिकाने ते उतरवायचे, ही पद्धत आजही पूर्णपणे मागे पडलेली नाही. आता हिशेब असा आहे की भारतात सापांच्या 300 हून अधिक जाती आढळतात आणि त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर यांच्या चाव्याने माणूस दगावत नाही. विषारी साप चावला तरी तो प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशा चाव्याला कोरडा दंश म्हणतात. म्हणजे मांत्रिकाकडे आलेल्यांपैकी बरेच जण काही न करताही घरी चालत जाणारे असतात, आणि ते चालत गेले की श्रेय मंत्राला मिळते. जो दगावतो त्याला आणायला उशीर झालेला असतो किंवा त्याची वेळ भरलेली असते. आमच्या मते बहुतेक मांत्रिक लबाड नसतात. इतकी माणसे डोळ्यांदेखत बरी होताना पाहिली तर कोणाचाही स्वतःच्या विद्येवर विश्वास बसेल. चित्रपट ही बरे झालेल्यांची उदाहरणे उचलतो आणि त्यांत एक बदल करतो: पडद्यावरचा साप नेहमी नागच असतो आणि त्याने विष सोडलेलेच असते.

या बदलामुळे सर्वांत मोठा अन्याय मण्यारीवर झाला आहे, असे गमतीने म्हणावेसे वाटते. मण्यारीला फणा नाही, ती फूत्कार टाकत समोर उभी राहत नाही. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते, आणि हा चावा इतका हलका असतो की पुष्कळदा झोपही मोडत नाही. दातांच्या खुणा भिंग घेऊन शोधल्या तरी सापडतीलच असे नाही. पहाटे पोटात दुखू लागते, घरचे लोक ओवा देतात, मग पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात, बोलणे गेंगाणे होते आणि घशाचे स्नायू लुळे पडल्याने लाळ गिळता येत नाही. पडद्यावरचा फेस मुळात इथून आलेला असावा. पुढे श्वासाचे स्नायूही थांबतात. अशा अवस्थेत रुग्णाचे बोटही हलत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत, पण हृदय चालू असते आणि त्याला कृत्रिम श्वास देत राहिले तर काही दिवसांत तो उठून बसू शकतो. मेलेला माणूस उठून बसल्याच्या गोष्टींचे बीज यातच असेल, तर नवल नाही.

(काचेची परीक्षानळी टेबलावर उभी आहे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.)

आता एक खरा प्रसंग पाहू, जो अगदी लहान आरोग्यकेंद्रातही घडतो. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घेतले जाते आणि ती नळी बरोबर 20 मिनिटे कोणीही हात न लावता उभी ठेवली जाते. वेळ संपल्यावर डॉक्टर नळी हळूच तिरकी करतात. रक्ताचा गोळा जागेवरून हलला नाही तर त्या घटकेपुरती चिंता थोडी कमी होते. रक्त पाण्यासारखे काठाकडे धावले तर घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात आहे, असे समजून प्रतिविषाच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, कुप्या फोडल्या जातात. बाहेर बाकावर नातेवाईक बसलेले असतात आणि त्या 20 मिनिटांत कोणाला काही बोलता येत नाही. चित्रपटाने रुग्णालयच दाखवावे असा आमचा हट्ट नाही, परंतु एवढे नाट्य काचेच्या एका नळीत तयार असताना दिग्दर्शकांना अजूनही मुळी ठेचणारा म्हातारा का लागतो, हे कोडे आहे.

प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते. घोड्याला विषाचे अगदी लहान डोस दिले जातात, त्याच्या शरीरात विषाला निष्प्रभ करणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार होतात आणि ती वेगळी करून शुद्ध केली जातात. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस द्यावा लागतो, कारण समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. हे औषध उपलब्ध असतानाही, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली होती. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र आणि गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला गेला, तो यामुळेच.

(कोकणातले लाल जांभ्याचे घर दिसते.)

विंचवाची हकिगतही याच वळणाची आहे. साधा काळा विंचू चावला तर वेदना होतात आणि काही तासांनी त्या आपोआप ओसरतात, त्यामुळे विंचू उतरवणाऱ्याला कधी अपयश येत नसे. लाल विंचू मात्र हृदयावर आणि फुफ्फुसांवर घाला घालतो आणि कोकणात त्याने कित्येक मुले नेली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून मृत्यूंचे प्रमाण कमालीचे खाली आणले, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिले, आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परंपरेत काहीच तथ्य नव्हते, असा याचा अर्थ मुळीच नाही. म्हाताऱ्याने ठेचलेली ती मुळी सर्पगंधेची असू शकते; सापाच्या विषावर ती पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. विषावर तिचा उपयोग होत नाही, पण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटनमधल्या हृदयरोगविषयक नियतकालिकात दाखवून दिले, की चढलेला रक्तदाब तिने उतरतो. त्यानंतर तिच्यातले रेसर्पिन हे द्रव्य जगभरच्या दवाखान्यांत पोहोचले. मुळीत गुण होता, लोकांनी तो हेरला होता, फक्त रोग दुसरा निघाला.

(तमिळनाडूतील एका कौलारू सभागृहात मातीची मडकी रांगेने मांडलेली आहेत. त्यांची तोंडे कापडाने बांधलेली आहेत.)

आणि ज्या परंपरेशिवाय प्रतिविषाची कुपी भरणे अवघड झाले असते ती तर पडद्यावर जवळजवळ आलेलीच नाही. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुळा जमातीच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था 1978 पासून काम करते आणि देशातल्या प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तेथून येतो. वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळा सर्पतज्ज्ञांना 2023 साली पद्मश्री देण्यात आली. बिळाच्या तोंडाशी पडलेली कात, मातीवरचा पुसट ओरखडा, एवढ्यावरून आत कोणता साप आहे हे ते सांगतात. विष काढणारा माणूस मडक्यातून घोणस उचलतो, तिचे डोके दोन बोटांत धरतो आणि पातळ पडदा ताणून बसवलेल्या काचेच्या भांड्यावर तिचे दात टेकवतो. पडदा टचकन फुटतो, काचेवरून पिवळसर थेंब ओघळतात. तो कोणताही मंत्र म्हणत नाही. काही आठवड्यांनी, तोच साप लगेच पुन्हा पकडला जाऊ नये म्हणून पोटावरच्या खवल्यांवर खूण करून, तिला रानात सोडून दिले जाते.