पिल्लू ओळखायचं तर आधी त्याचे आईबाप विचारा

मागं उभं राहू नका, पुढं सतरंजीवर जागा आहे, या बसा. विषय फळ्यावर लिहिलाय, मिक्स, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या कोंबडा-कोंबडीच्या पिल्लांचा रंग आणि नर-मादी वाढताना कशी ओळखायची. तेच सांगणार आहे, पण त्याआधी मनात अडकलेलं एक बोलू द्या.

बाजारात, जत्रेत गुलाबी-हिरवी पिल्लं येतात बघा. पोरं हट्ट धरतात, आपण पिशवीत घालून घेतो. विकणारा काय म्हणतो, "काय बघूलालाय मावशी, सगळ्या तलंगा हैत, पाच महिन्यात अंडी." तलंग म्हणजे अंड्यावर येणारी तरणी कोंबडी. आता ऐका. ही बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात. त्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसाच्या जातीसारखं अंगही धरत नाही, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी बाजूला काढतात. पिल्लाचं मागचं तोंड हळूच दाबून आतला बारीक उंचवटा बघायचा, ही पद्धत जपानात मासुई आणि हाशिमोतो या शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात बसवली, सराईत माणूस तासाला हजारभर पिल्लं निवडतो. म्हणजे जिथून पिल्लू निघतं तिथं ते नर आहे हे पक्कं माहीत असतं, आणि आमच्या गल्लीत पोचेपर्यंत रंग लावून त्याची तलंग होते! मला खरंच राग येतो. बचत गटाच्या बाईनं चार पैसे बाजूला काढून पिल्लं घ्यायची, कण्या-मका घालून मोठी करायची आणि शेवटी खुराड्यात नुसतं आरवणं. शिवाय पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३३-३५ डिग्री ऊब लागते, ही ओली रंगवून पुठ्ठ्याच्या खोक्यात उघड्यावर ठेवतात, बरीच तिथंच गारठून मरतात. आणि तो गुलाबी रंग तरी कुठं टिकतो, लव झडून खरी पिसं आली की संपला. घेऊ नका ओ, कुणीच घेऊ नका, मागणी थांबली की हे थांबेल.

दुसरं, आपल्याकडं म्हातारी माणसं सांगतात टोकदार अंड्यातनं कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातनं कोंबडी. मला त्यांचा मान आहे, पण तसं नाही. नर की मादी हे कोंबडीच्या बलकातच ठरलेलं असतं, टरफल त्याच्यानंतर कितीतरी तासांनी चढतं, मग आकाराला ते कळणार कसं? अंडं टोकदार म्हणून बाजूला काढून खाऊ नका, त्यात तुमची चांगली तलंग असेल.

आता माझा मुद्दा. माणसात मुलगा-मुलगी बापाकडून ठरतं, कोंबड्यात आईकडून. नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं दोन प्रकारची, झेड आणि डब्ल्यू. कोंबड्याकडं दोन्ही झेड असतात, कोंबडीकडं एकच झेड आणि एक डब्ल्यू. आईचा तो एकुलता झेड फक्त लेकाला जातो, लेकीला झेड मिळतो तो बापाचा. म्हणून झेडवर बसलेला आईचा गुण लेकात दिसतो, लेकीत नाही. पट्ट्यापट्ट्याची प्लायमाउथ रॉक कोंबडी आणि तिच्यावर साधा काळा किंवा तांबडा कोंबडा सोडा, पहिल्याच दिवशी काळ्या पिल्लातल्या ज्यांच्या डोक्यावर फिकट ठिपका ते नर, ज्यांचं डोकं सगळं काळं त्या माद्या. उलटं केलं, कोंबडा पट्ट्याचा ठेवला, की सगळ्यांनाच ठिपका, कळत काहीच नाही. तसंच तांबडा र्‍होड आयलंड कोंबडा आणि पांढरी लाइट ससेक्स कोंबडी, पिवळसर पिल्लं नर, तांबूस पिल्लं मादी. लेगहॉर्न जातीचा पांढरा रंग इथं चालत नाही हं, तो भिंतीवर चुना मारल्यासारखा सगळ्यांवर सारखाच बसतो.

आणि आता गावोगाव कडकनाथ आलाय, त्यात तर फार सुंदर आहे. कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायाची र्‍होड आयलंड कोंबडी, तर लेकींची कातडी काळी पडते आणि लेकांची बरीच फिकी राहते, कारण काळेपणा दाबणारा आईचा गुण लेकाकडं गेला. कोंबडी कडकनाथ आणि कोंबडा तांबडा घेतला तर हा फरक मिळत नाही. म्हणून मी घसा कोरडा करून सांगतो, पिल्लाकडं बघू नका, आधी त्याची आई कोण, बाप कोण ते विचारा!

पाचच मिनिटं राहिलीत म्हणतायत, मग भराभर सांगतो. ज्याचे आईबाप माहीत नाहीत त्या गावठी मिक्स पिल्लाची लव बघून नर-मादी ठरवू नका. अंगावर काळी लव, पोटाखाली पांढरं, ते मोठं होऊन बहुतेक काळं होतं, पोट पांढरं राहत नाही. पाठीवर खारीसारखे पट्टे असतील तर रंग गावठी तपकिरीकडं जातो, आणि तिथं चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून छाती बघा, नराच्या छातीवर काळी पिसं येऊ लागतात, मादीची बदामी राहते. पाच-सहा आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि लाल व्हायला लागतो, मादीचा फिका. पण असील जातीचा तुरा मुळातच चपटा बारीक, तिथं त्याची रुंदी बघायची, आणि कडकनाथाच्या काळ्या तुर्‍यात लाली शोधू नका. मिक्स पिल्लाच्या पंखाच्या खांद्यावर तांबडा डाग फुटला तर तो जवळजवळ नक्की कोंबडाच. तरी शंका असली तर तीन महिने थांबा, शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसं सुटली की वाद मिटला, मादीची तिथली पिसं गोलच राहतात.

उघड्या मानेच्या आणि उलट्या पिसांच्या पिल्लांबद्दल कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय. ते गुण नर-मादी दोघांत सारखेच येतात, त्यावरनं काही ठरत नाही. घरी गेल्यावर एक करा, पिल्लं फुटली की कुठल्या कोंबडीचं कुठलं ते पायात रंगीत दोरा बांधून वहीत लिहा, दोरा दर आठवड्याला सैल करा नाहीतर पायात रुततो. ज्यांनी पिल्लं आणलीत त्यांनी चहा घेऊन इकडं खिडकीजवळ या, उजेडात एकेक बघूया.