तापमानवाढीचा ताळेबंद: कोकण किनाऱ्यावरून

(दृश्य: रत्नागिरीजवळचा जांभ्याचा सडा, उन्हाळ्यातला. कड्याखाली समुद्र.)

माणूस नव्हता तेव्हाही पृथ्वीचं हवामान बदलत होतं. तापमानवाढीच्या वादात हा मुद्दा हमखास येतो, आणि तो खरा आहे. कोकणात त्याचा पुरावा पायाखालीच मिळतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरांवर थर साचले आणि त्यातून सह्याद्रीचा काळा कातळ घडला. त्या लाव्ह्यासोबत कार्बन डायऑक्साइडही प्रचंड प्रमाणात हवेत गेला.

पुढचं काम पावसानं केलं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी कातळात मुरतं, त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवतं आणि नद्यांमधून समुद्रात नेतं. तिथे शंखशिंपल्यांच्या कवचांत तो कार्बन चुनखडी होऊन अडकतो. कातळात मागे उरतं ते मुख्यतः लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. तोच हा तांबडा जांभा. कोकणातल्या घरांचे चिरे म्हणजे हवेतला कार्बन काढून टाकणाऱ्या एका अतिशय संथ प्रक्रियेचा उरलेला चोथा आहे. या प्रक्रियेला लाखो वर्षं लागतात, आणि पुढच्या सगळ्या हिशेबात हाच वेग महत्त्वाचा आहे.

(दृश्य: आलेख. १८५० ते आजपर्यंतचं जागतिक सरासरी तापमान.)

१८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात जग सुमारे १.१ अंश सेल्सिअसनं अधिक उष्ण होतं. ही वाढ कशामुळे झाली? प्रत्येक संशयित कारण एकेक करून तपासता येतं, कारण प्रत्येकाची ताकद वेगळी, वेग वेगळा आणि मागे राहणारी खूणही वेगळी असते.

आधी सूर्य. वातावरणाच्या माथ्यावर पृथ्वीला दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा मिळते. साधारण ११ वर्षांच्या सौरचक्रात ती जेमतेम ०.१ टक्क्यानं खालीवर होते. १९७८ पासून उपग्रह हे सतत मोजत आले आहेत. या काळात सूर्याच्या ऊर्जेत वाढीचा कल नाही, तापमान मात्र चढत गेलं. दुसरी खूण आणखी पक्की आहे. सूर्य प्रखर झाला असता तर वातावरणाचे खालचे आणि वरचे, दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्यावरचा स्थितांबर थंड होतो आहे. उष्णता खाली अडवणारे वायू वाढले की नेमकं असंच होतं.

ज्वालामुखींचं उत्तर लवकर मिळतं. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोचा उद्रेक झाला, आणि गंधकाच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवल्यामुळे पुढची एक-दोन वर्षं जग सुमारे अर्धा अंश थंड राहिलं. आजचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

पृथ्वीच्या कक्षेचं आणि अक्षाचं डोलणं हे हिमयुगांचं खरं कारण. त्याची चक्रं सुमारे २३ हजार, ४१ हजार आणि एक लाख वर्षांची. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज मुंबईसमोर बोटी मासेमारी करतात त्या उथळ समुद्राचा मोठा भाग तेव्हा कोरडी जमीन होता. पण ही चक्रं दीडशे वर्षांत एक अंश हलवू शकत नाहीत.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. हिमयुग संपताना आधी तापमान वाढलं आणि कार्बन डायऑक्साइड नंतर, मग वायूला दोष कसा द्यायचा? कक्षेतल्या बदलानं सुरुवात केली, समुद्र तापला, तापलेल्या पाण्यानं वायू सोडला आणि त्या वायूनं तापमान आणखी वाढवलं. म्हणजे तेव्हा वायू समुद्रातून आला. आज तसं असतं तर समुद्रातला कार्बन घटायला हवा होता. तो वाढतो आहे. माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो, आणि त्यामुळे पृष्ठभागावरच्या पाण्याचा सामू (पीएच; हा आकडा घटला की आम्लता वाढते) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. हा आकडा लहान दिसतो, पण सामूची मोजपट्टी लॉगरिदमची असल्यानं आम्लता त्यात सुमारे एक चतुर्थांशानं वाढते. कालवं, शिंपल्या, तिसऱ्या यांच्या कवचांसाठी हा बदल चांगला नाही.

मग हवेतला वायू आला कुठून? कार्बनचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात. त्यांपैकी हलका कार्बन-१२ वनस्पती अधिक उचलतात, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कोळशात आणि खनिज तेलात कार्बन-१३ कमी असतो. कार्बन-१४ तर त्यात उरतच नाही, कारण दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो आणि कोळसा कोट्यवधी वर्षांचा असतो. हवेतल्या कार्बनमध्ये या दोन्हींचं प्रमाण घसरत गेलं आहे. जोडीला हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतो आहे, आणि ती ज्वलनाचीच खूण. औद्योगिक काळापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आणि २०२४ मध्ये सुमारे ४२४. हिमयुगाच्या अखेरीस ८० भागांची वाढ व्हायला हजारो वर्षं लागली होती.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानं हा ताळेबंद असा मांडला: माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश, सूर्य आणि ज्वालामुखींचा वाटा उणे ०.१ ते अधिक ०.१ अंश. एल निन्योसारखे फेरे उष्णता समुद्रातून हवेत आणि परत समुद्रात हलवतात, म्हणून एखादं वर्ष जास्त तापतं. पण पृथ्वीजवळची एकूण उष्णता ते वाढवत नाहीत. वायूंनी अडवलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात साठली आहे.

(दृश्य: मुंबई, अपोलो बंदर. धक्का, भरतीचं पाणी.)

अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद आहे. जुन्या यंत्राची रचना साधी होती. पाण्यात एक उभा नळ, तळाशी छोटं भोक म्हणजे लाटांचा हेलकावा आत येत नाही, नळात तरंगा, तरंग्याला तार, तार कप्पीवरून लेखणीला जोडलेली, आणि घड्याळावर फिरणारा कागदी दंडगोल. भोक गाळानं बुजलं की लेखणी उशिरा हलते आणि भरतीची उंची कमी दिसते. तार घसरली की सगळी पातळी एकदम सरकते. धक्काच खचला तर समुद्र चढल्याचा भास होतो, म्हणून जवळच्या पक्क्या जमिनीवरच्या खुणेशी यंत्राची उंची वेळोवेळी ताडून पाहावी लागते. शिवाय चंद्रकक्षेच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्यानं उधाणं कमीजास्त होतात. दहा वर्षांच्या नोंदीवरून समुद्र चढला की उतरला हे ठामपणे सांगता येत नाही, ते याचसाठी.

हे सगळं वजा करून हिंदी महासागराच्या उत्तर भागात १८७४ ते २००४ दरम्यान वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर वाढ दिसते. १९९३ ते २०१७ मध्ये ती ३.३ मिलिमीटर झाली. तापलेलं पाणी फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, ही त्याची दोन मुख्य कारणं.

(दृश्य: समुद्रानं कापलेली पुळण, उन्मळलेली सुरूची झाडं.)

मात्र पुळण खचली की लगेच तापमानवाढीकडे बोट दाखवणं चूक आहे. खाडीतली वाळू उपसली की किनाऱ्याला नवी वाळू मिळत नाही. दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि बंधारा संपतो तिथून पुढची पुळण वेगानं कापली जाते. हीसुद्धा माणसाचीच कारणं आहेत, पण ती गावपातळीवर थांबवता येतात. म्हणून ती वेगळी ओळखली पाहिजेत.

खारभूमीच्या, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या भातजमिनीच्या, बांधांवर मात्र समुद्राच्या चढीचा परिणाम थेट होतो. बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याची झडप, ओहोटीला उघडते आणि शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला दाबानं ती मिटते. ओहोटीची पातळी वर सरकली की उघाडी उघडी राहण्याचा वेळ कमी होतो आणि मुसळधार पावसाचं पाणी भातात तुंबतं. नुसती बांधाची उंची वाढवून हे सुटत नाही. उघाड्यांची संख्या किंवा रुंदी वाढवावी लागते, आणि झडपेच्या कडेला गाळ किंवा काटकी अडकून खारं पाणी आत शिरत नाही ना, हे प्रत्येक उधाणाआधी पाहावं लागतं. आयपीसीसीच्या अंदाजानुसार २१०० पर्यंत समुद्राची सरासरी पातळी १९९५ ते २०१४ च्या तुलनेत, उत्सर्जन फार कमी ठेवलं तर सुमारे ०.२८ ते ०.५५ मीटर आणि फार जास्त राहिलं तर ०.६३ ते १.०१ मीटर वाढेल. आज बांधल्या जाणाऱ्या उघाडीचा उंबरठा जुन्या भरतीच्या आकड्यांवर ठरवला, तर तिचं आयुष्य संपायच्या आधीच ती निकामी होईल.