सुगितानीची जोडगोळी: नोबुनागावर बार टाकणारा माणूस

नमस्कार मंडळी. जपानी बंदुकांचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच धोशा सुरू आहे. "दादा, तो नोबुनागावर गोळी झाडणारा कोण होता?" आणि त्याच्याच खाली दुसरा कुणीतरी, "वीस मीटरवरून चुकतो म्हणजे कसला डोंबलाचा नेमबाज?" तर आज सुगितानी झेंजुबो, सोळाव्या शतकातला बडा जपानी सरदार ओदा नोबुनागा याच्यावर गोळी झाडणारा. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.

आधीचं पटकन उरकतो, तुम्हाला माहीत आहे. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले, तिथल्या तरुण सरदाराने, तोकिताकाने, दोन बंदुका विकत घेतल्या, लोहारांनी त्यांच्या नकला केल्या. मग साकाई, नेगोरो, कुनितोमो इथे धडाधड बंदुका बनायला लागल्या. तोड्याची बंदूक, म्हणजे पेटती वात चापाला (वात धरणाऱ्या आकड्याला) अडकवलेली, घोडा ओढला की वात रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, पडते आणि बार उडतो. दस्ता इतका आखूड की खांद्याला लावतच नाहीत, गालाशी धरतात. चापाची ठेवण गोव्यात पोर्तुगीज बनवत होते त्या बंदुकांशी जुळते, म्हणून अभ्यासक गोव्याकडे बोट दाखवतात. गोवेकर मंडळींनी मागच्याच व्हिडिओखाली कॉलर ताठ केलीय, चालू द्या.

आता १५७०. ओदा नोबुनागा एचिझेन प्रांताच्या आसाकुरा घराण्यावर चालून गेला होता आणि मागून त्याच्या बहिणीचा नवराच उलटला, आझाई नागामासा. नोबुनागा कसाबसा निसटून क्योतोला आला. तिथून गिफूला घरी जायचं, तर ओमी प्रांतातल्या वाटा अडवलेल्या. अडवणाऱ्यांत ओमीचाच जुना सरदार रोक्काकु जोतेई. दोन वर्षांपूर्वी नोबुनागाने त्याचा किल्ला घेऊन त्याला पळवून लावलं होतं, तेव्हा राग असणारच. मग नोबुनागाने आडवाट धरली. ओमीतून इसे प्रांतात उतरणारा चिगुसाचा घाट. जुन्या पंचांगाप्रमाणे पाचव्या महिन्याची १९ तारीख. आणि घाटात जोतेईचा माणूस, हाच सुगितानी, बंदूक रोखून बसलेला.

अंतर किती? नोबुनागाचा चाकर ओता ग्युइची, त्याने धन्याचं चरित्र लिहिलं, त्यात आकडा आहे: १२-१३ केन. एक केन म्हणजे साधारण १.८ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर असते, तिच्यापेक्षा दोन-तीन पावलं जास्त. बॉलरला बॅट्समनचं तोंड दिसतं ना, तेवढं.

आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं, "त्याने दोन गोळ्या झाडल्या." आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सिनेमा. धाड! मग पुन्हा धाड! अहो, कसं?

माझ्या काकांकडे कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. एका मे महिन्यात मी मोबाइलवर वेळ लावून बसलो. दारू ओतली, काथ्या कोंबला, गजाने ठासलं, छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा गज, मग केप. पाऊण मिनिट गेलं. मी म्हटलं, काका जरा लवकर. तर म्हणाले, "घाय केलंस तर बार तुझ्याच तोंडार येतलो." ही केपाची बंदूक, बरं का. सुगितानीकडे पेटता तोडा होता, म्हणजे शेजारी निखारा ठेवून दारू हाताळायची. सराईत माणसाने अर्ध्या मिनिटाच्या आत भरली असं धरू. पहिला बार झाल्यावर नोबुनागा काय अर्धा मिनिट तिथे उभा राहून "भर बाबा, सावकाश भर" म्हणणार होता?

मग ओता काय लिहितो? त्याचा शब्द आहे 'फुतात्सुदामा'. फुतात्सु म्हणजे दोन, तामा म्हणजे गोळी. आता गंमत बघा, इंग्रजीतून वाचलं की गोंधळ होतो, आपल्याकडे होण्याचं कारणच नाही. आपल्याकडे गोळी वेगळी आणि बार वेगळा. बार एक, गोळ्या दोन. आणि त्याला शब्दही तयार आहे, जोडगोळी! शाळेत दोन उनाड पोरांना बाई जोडगोळी म्हणायच्या (मी आणि अजून एक जण, जाऊ दे), तेच. एका नळीत दोन गोळ्या ठासायच्या आणि एकदम सोडायच्या.

काही जण म्हणतात दोन बंदुका आधीच भरून ठेवल्या असतील, एकामागून एक उचलल्या. असं वाचणारे आहेत, अशक्यही नाही. पण मला नाही पटत. पुढचंच वाक्य वाचा ना. ओता म्हणतो, गोळ्या अंगाला 'थोड्या थोड्या' चाटून गेल्या. पहिल्या बाराला चाटून गेली, सगळी पळापळ, माणसं आडवी आलेली, आणि दुसरी बंदूक उचलून पुन्हा त्याच माणसाला नुसतंच चाटून? त्यापेक्षा एकाच बारातल्या दोन गोळ्या फाकल्या आणि दोन्ही निसटत्या लागल्या, हे सरळ नाही का?

आणि इथेच त्या "डोंबलाचा नेमबाज" वाल्याला उत्तर आहे. दारू तेवढीच, वजन दुप्पट, म्हणजे गोळ्यांचा वेग घटतो. शिवाय दोन्ही एका रेषेत जात नाहीत. लांबच्या नेमाला हा निव्वळ मूर्खपणा. पण खेळपट्टीएवढ्या अंतरावर, एकच संधी, समोरचा माणूस चालत्या वाटेवर, तेव्हा हा हिशेबी माणसाचा निर्णय आहे. त्याने अचूकपणा थोडा विकला आणि शक्यता विकत घेतली. सौदा फसला, ते वेगळं. घोडा ओढल्यापासून बार सुटेपर्यंत एक बारीकसा क्षण जातो, तेवढ्यात समोरच्याने मान वळवली तरी संपलं.

"निंजा होता ना?" हो, ही कमेंट येणारच होती. ओमीतल्याच कोगा भागातल्या निंजांशी त्याचं नाव लोक जोडतात. ओताच्या लिखाणात तो निंजा नाही, फक्त सुगितानी झेंजुबो आहे. जपानमध्ये कोणी झाडामागे लपला की तुम्ही त्याला काळे कपडे घालता, हे थांबवा बुवा.

नोबुनागा दोन दिवसांत, २१ तारखेला, गिफूला पोचला. ओता लिहितो, मगरीच्या जबड्यातून सुटला, आणि श्रेय देतो दैवाला. धन्याचं चरित्र आहे, "नेम थोडक्यात हुकला" असं कोण लिहील!

सुगितानी तीन वर्षं सापडला नाही. १५७३ मध्ये ओमीतल्या ताकाशिमात त्याला पकडलं, आणि पकडणारा कोण, तर इसोनो काझुमासा. हा मूळचा त्या उलटलेल्या आझाईचा सेनापती. घाटातल्या प्रसंगानंतर सव्वा महिन्याने आनेगावाच्या लढाईत नोबुनागाच्या फळ्या फोडत सुटला असं सांगतात, तो हाच. पुढे शरण आला, ताकाशिमा मिळालं, आणि नव्या धन्याला ही भेट दिली. गिफूला नेऊन सुगितानीची चौकशी झाली. मग त्याला उभा जमिनीत पुरला आणि करवतीने मान कापली. ओताने एका ओळीत उरकलंय: धन्याचा इतक्या दिवसांचा राग शमला, लहानथोर सगळे समाधान पावले.

बंदूकवाल्यांचा म्होरक्या साइका मागोइची आणि नागाशिनोच्या लढाईतले बंदूकवाले, दोन्ही पुढच्या व्हिडिओंच्या यादीत आहेत. पण त्याआधी एक काम करा. ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक आहे, त्यांनी घरच्या जाणत्यांना विचारा, एका नळीत दोन गोळ्या कधी भरल्या होत्या का, आणि काय झालं. स्वतः करून बघू नका, काका मला मारतील.