लक्षद्वीपच्या प्रवाळांची मोजदाद

श्रोतेहो, नमस्कार.

लक्षद्वीपची सगळी बेटं एकत्र केली तरी जमीन भरते जेमतेम 32 चौरस किलोमीटर, आणि तीही समुद्रापासून दोन-चार मीटर उंच. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो तेव्हा कवरत्ती किंवा अगत्तीची वस्ती टिकते ती भोवतीच्या प्रवाळखडकांच्या कड्यामुळे. लाटा आधी त्याच्यावर फुटतात. तिथल्या किनाऱ्यावरची पांढरी वाळूसुद्धा बरीचशी याच प्रवाळांचा चुरा आहे. त्यामुळे या कड्याची तब्येत कशी आहे, हा तिथल्या माणसाच्या घरादाराचा प्रश्न आहे.

ही तब्येत बघायची कशी? साधन अगदी साधं असतं. पाणबुड्या संशोधक ठरलेल्या खोलीवर मोजपट्टी अंथरतो, बहुधा पन्नास मीटरची. पट्टीखाली काय काय येतं ते लिहीत जातो: जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शेवाळ, वाळू. लिहायला प्लॅस्टिकची पाटी आणि शिसपेन्सिल, कारण पेन्सिल पाण्याखालीही उमटते. काही जण पट्टीलगत चौकट ठेवून फोटो काढतात आणि मोजणी नंतर टेबलावर बसून करतात. खरी मेहनत पुढे आहे. वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच खोलीवर परत उतरायचं.

एकदाच जाऊन पाहिलं तर फसगत होते. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करून त्याला पोसतं आणि त्याचा रंगही बराचसा या शैवालाचाच. समुद्राचं तापमान नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त चढून काही आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल बाहेर टाकलं जातं. मग पारदर्शक कातडीतून आतला चुन्याचा सांगाडा दिसतो. यालाच विरंजन म्हणतात. पण पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो! जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्या बारीक शुंडिका, म्हणजे तोंडाभोवतीचे तंतू, अजून हलताना दिसू शकतात. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं. नाही निवलं तर तो उपाशी मरतो आणि सांगाड्यावर मळकट हिरवी लव धरते.

हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहांच्या आधारे विरंजनाचे इशारे देते. ते फार उपयोगाचे आहेत. पण उपग्रहाला कळतो तो पृष्ठभागाचा ताप. कोण जगलं, कोण गेलं, हे बुडी मारल्याशिवाय कळत नाही.

लक्षद्वीपमध्ये या बुड्या चिकाटीने मारल्या गेल्या आहेत. 1998 च्या एल निनोत समुद्र तापला आणि तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणात मेले. तेव्हापासून नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी तिथे मोजणी करत आले आहेत. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या 24 वर्षांच्या नोंदी सांगतात, की 1998 मध्ये सुमारे 37 टक्के असलेलं जिवंत प्रवाळांचं आच्छादन 2022 पर्यंत 20 टक्क्यांच्या आत आलं. म्हणजे जवळजवळ निम्मं.

मधल्या काळात 2010 आणि 2016 मध्येही समुद्र तापला. गंमत अशी, की दर खेपेला मरणाऱ्यांचं प्रमाण आधीपेक्षा कमी होत गेलं. ऐकायला बरं वाटतं, पण नाजूक होते ते आधीच गेले होते, मागे चिवट उरले, असाही त्याचा अर्थ असू शकतो. शिवाय खडक सावरायला लागतो तो साधारण सहा वर्षं निवांत मिळाल्यावर. 1998 नंतर बारा वर्षं मिळाली, 2010 नंतर सहाच. 2016 नंतर आठ वर्षं झाली न झाली तोच, 2024 च्या उन्हाळ्यात प्रवाळ पुन्हा पांढरे पडले. त्याच एप्रिलमध्ये एकाच वेळी जगभर पसरलेलं चौथं विरंजन जाहीर झालं होतं.

टक्केवारीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असं मला वाटतं. ॲक्रोपोरा नावाचे फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा-दहा सेंटिमीटर वाढू शकतात. गोट्यासारखा पोराइटिस प्रवाळ वाढतो वर्षाला सेंटिमीटरभर. मोटारीएवढा गोटा मेला तर शतकाहून जास्त काळाची वाढ गेली. त्या जागी झटपट फांद्या आल्या की आकडा पूर्ववत दिसतो. वाडा पडून पत्र्याची शेड उभी राहिली, तरी कागदावर बांधकाम तेवढंच! म्हणून कुठली जात किती, हे वेगळं लिहावं लागतं.

आणि मासेही मोजावे लागतात. चोचीसारख्या दातांचे पोपट मासे मेलेल्या खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, तेव्हा कुठे प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागा मिळते. लक्षद्वीपचे कोळी गेली काही दशकं मुख्यतः टूना पकडणारे, तोही काठी-गळाने. खडकातल्या माशांकडे त्यांचं फारसं लक्ष नसे, आणि आधीच्या विरंजनांनंतर खडक सावरला त्यात याचा वाटा आहे असं अभ्यासक मानतात. अलीकडे मात्र खडकातले मासेही विक्रीसाठी धरले जाऊ लागले आहेत. त्यामुळे 2024 नंतर खडक कसा सावरतो हे पाहताना, पट्टीखालच्या प्रवाळांइतकंच पट्टीवरून पोहत जाणाऱ्या माशांकडेही बघावं लागणार आहे.

नमस्कार.