सहा पानांची मतपत्रिका

(दृश्य : पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागे मतदाराचे हात)

३० जुलै २००६. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी किन्शासा. मतदार मतपत्रिका उलगडतो, आणि ती उलगडतच जाते. वर्तमानपत्राएवढी सहा पानं. चौकटीचौकटीत फोटो, नाव, पक्षाचं चिन्ह. शेकडो चेहऱ्यांतून एक शोधायचा, खूण करायची, पुन्हा घड्या घालून कागद पेटीत सारायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्याची सगळी भिस्त त्या बोटभर फोटोवर.

चाळीस वर्षांनंतरची ही पहिली बहुपक्षीय निवडणूक. अडीच कोटींवर मतदार, सुमारे ५० हजार मतदान केंद्रं. मतपत्रिका छापल्या दक्षिण आफ्रिकेत. संसदेच्या ५०० जागांसाठी उमेदवार होते ९,७०० च्या आसपास.

(दृश्य : रात्र, कंदिलाच्या उजेडात मोजणी)

मोजणी केंद्रातच, हाताने. निकालपत्रावर सह्या, एक प्रत दाराबाहेर चिकटवायची, बाकीचं पिशवीत घालून संकलन केंद्राकडे. खरा धोका या प्रवासात. किन्शासात पिशव्यांचे ढीग उघड्यावर पडले. अशा वेळी ताळा घालता येतो तो सहीची प्रत हातात असलेल्या पक्ष प्रतिनिधीला, किंवा दारावरचा आकडा टिपून ठेवलेल्या कोणालाही.

पण इतके उमेदवार का? उत्तर जागावाटपाच्या हिशेबात आहे. समजा, एका मतदारसंघात मतं १ लाख आणि जागा ५. भागाकार २०,०००; म्हणजे एका जागेची किंमत. पहिल्या यादीला, म्हणजे एका पक्षाच्या उमेदवारांना मिळून, ४६,००० मतं : २ जागा, बाकी ६,०००. दुसरीला २७,००० : १ जागा, बाकी ७,०००. तिसरीला १५,०००, चौथीला १२,००० : दोघींना शून्य. उरलेल्या २ जागा मोठ्या बाकीला मिळतात, म्हणजे तिसरीला आणि चौथीला. १२,००० मतांत खासदार! मग मोठ्या पक्षात रांग लावण्यापेक्षा स्वतःची छोटी यादी काढलेली बरी, हे चाणाक्ष माणसाला लगेच कळतं. अपक्षही या हिशेबात एकट्याची यादीच.

निकालात ते उतरलंच. सर्वांत मोठा पक्ष राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिला यांच्या बाजूचा, त्याला जागा १११. बहुमताला हव्यात २५१. अपक्ष ६३.

(दृश्य : मतदान यंत्राचा पडदा)

२०१७ च्या कायद्याने देशभरात १ टक्क्याखाली राहणाऱ्या पक्षांना वाटपातून वगळलं. डिसेंबर २०१८ मध्ये पडद्यावर उमेदवार निवडायचा आणि यंत्राने छापलेली छोटी मतपत्रिका पेटीत टाकायची, अशी पद्धत आली. कागद आटला. उमेदवार मात्र १५ हजारांवर गेले.