बिडाची लाल पेटी

(पहाट. ओला पदपथ. पेटीच्या टोपीवरून पाणी निथळतंय.)

सर नुकतीच येऊन गेलीय. टोपीच्या कडेवरून पाणी थेट खाली पडतंय, आणि त्या कडेच्या आडोशाला पत्र टाकायचं तोंड. ज्यानं हा आकार ठरवला, त्यानं पावसाचा विचार केला होता.

ही पेटी बिडाची. घावनांचा तवा ज्या बिडाचा असतो, तेच हे. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, अक्षरंसुद्धा त्याच ओतकामात उठवायची. हात फिरवून बघा. वर्षानुवर्षं लाल रंगाचे हात चढत गेले, अक्षरांच्या कडा बोथट झाल्या, तरी बोटांना ती लागतात. बीड जाड, म्हणून टिकतं. पण ठिसूळही. गाडीची जोरदार धडक बसली की तडा जातो, आणि साधं वेल्डिंग त्याला धरत नाही.

रस्त्यावरच्या अशा खांबपेट्या ब्रिटिश टपालखात्यात १८५२ मध्ये जर्सी बेटावर आल्या. सुचवल्या अँथनी ट्रोलप यांनी. ते पोस्टात नोकरीला होते, आणि कादंबरीकारही. पुढे ब्रिटनमध्ये पेट्या हिरव्या रंगवत. त्या लोकांना पटकन दिसेनात, म्हणून १८७४ पासून लाल.

मुंबईत या लाल रंगाला वेगळाच अर्थ आला. गिरणगावातल्या खोल्यांमधून कोकणात, घाटावर पत्रं जायची. ज्याला लिहिता येई, तो चौघांची लिहून द्यायचा. पैसे पोचले का, भात लावून झालं का, आईचा खोकला कसा आहे. एवढंच, पण त्यावर दोन्हीकडची घरं तग धरून असायची.

माझ्या लहानपणी गणपतीच्या आधी आमच्या नाक्यावरची पेटी इतकी भरायची, की पत्र टाकलं तरी आवाज यायचा नाही.

आता पदपथ दर दुरुस्तीला वर चढतो आणि पेटीचा काळा पाया फरशीखाली जातो. फरशी बसवताना पेटीभोवती वीतभर जागा सोडायला काय लागतं? हे मला खरंच लागतं मनाला.

(हात. पोस्टकार्ड.)

पत्ता लालबागचा. पिनकोड ४०० ०१२. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासूनचे, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेले.

टाकतोय.

(कार्ड तळाशी आपटल्याचा आवाज.)

ऐकलंत? थेट तळाला लागलं.