केळीचा घड हवेत किती वेळ राहतो?

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा सुट्टीला आला होता. रात्रीची जेवणं उरकून आम्ही ओट्यावर बसलो, लाईट गेलेली, आणि त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, हाई खरं शे का?"

व्हिडिओत केळीची गाडी रस्त्याच्या कडेला आडवी उभी. गाडीच्या मागं एक गडी. त्यानं घड उचलला, एक झोका घेतला आणि भिरकावला. घड अख्ख्या गाडीवरून उडत गेला आणि पुढं कॅबिनपाशी उभ्या दुसऱ्या गड्यानं तो छातीशी झेलला. खाली लिहिलेलं, 'खान्देशी ताकद, पुढे पाठवा.' भाच्याच्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा आला होता.

आता आपल्या रावेर-यावलकडच्या माणसाला घड म्हणजे काय ते सांगायला नको. वीस किलो तरी धरा, चांगला निसवलेला असला तर पंचवीस. खांद्यावर घेऊन बांधावरून चार पावलं चाललं तरी मान अवघडते. पण 'मला वाटतं खोटं आहे' हे काही उत्तर नव्हे. तीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, त्यात मुख्य शिकवणूक हीच, की वाटतं ते बाजूला ठेव आणि मोज.

मोजायचं कशानं? अंतराला पट्टी हवी आणि वेळेला घड्याळ. दोन्ही त्या व्हिडिओतच असतात.

पट्टी म्हणजे गाडीचं चाक. ट्रकचं चाक टायरसकट साधारण एक मीटर उंच असतं. मी खराट्याची काडी घेतली, मोबाईलवर दिसणाऱ्या चाकाएवढी मोडली आणि ती पडद्यावर सरकवत नेली. फेकणाऱ्यापासून झेलणाऱ्यापर्यंत वीस काड्या, म्हणजे वीस मीटर. त्याच्या हातापासून घड वर किती गेला? पाच काड्या. घड चाकांपेक्षा थोडा अलीकडे किंवा पलीकडे असेल तर काडी थोडी चुकते, म्हणून मी अर्धा-एक मीटर इकडेतिकडे सोडून देतो. कॅमेरा हलत असेल तर मात्र ही काडी काही कामाची नाही. इथं तो एका जागी होता.

घड्याळ म्हणजे व्हिडिओ स्वतः. मोबाईलचा व्हिडिओ हा सुट्या चित्रांचा गठ्ठा असतो, बहुतेक वेळा सेकंदाला तीस चित्रं. भाच्याच्या मोबाईलमध्ये एकेक चित्र पुढं सरकवायची सोय होती. घड हातातून सुटला त्या चित्रापासून छातीला लागला त्या चित्रापर्यंत त्यानं मोजली. तेहतीस. पुन्हा मोजली. तेहतीस. म्हणजे १.१ सेकंद.

आता तुमच्या-माझ्या घरातली गोष्ट. गच्चीवरून नारळ सोडला तर पहिल्या सेकंदात तो सुमारे पाच मीटर खाली येतो, अचूक सांगायचं तर ४.९. दोन सेकंदांत वीस मीटरच्या आसपास, तीन सेकंदांत चव्वेचाळीस. वेळ दुप्पट, अंतर चौपट. नारळाऐवजी वीस किलोचा घड असला तरी हाच हिशोब. आणि वर फेकलेल्या वस्तूला वर जायला जेवढा वेळ, तेवढाच त्याच उंचीवरून खाली यायला.

म्हणजे पाच मीटर वर गेलेल्या घडाला वर जायला एक सेकंद, खाली यायला एक सेकंद. दोन सेकंद, साठ चित्रं. व्हिडिओत तेहतीस. १.१ सेकंदात परतणारी वस्तू जेमतेम दीड मीटर वर जाऊ शकते. हा घड पाच मीटर गेला होता. माझी काडी अर्ध्या-एक मीटरनं चुकली म्हणून एवढी तफावत भरून निघत नाही.

भाचा हुशार आहे. म्हणाला, "मामा, कोणी व्हिडिओ पळवला असेल तर?" शंका बरोबर. व्हिडिओ दुप्पट वेगानं चालवला तर साठाची तीस चित्रं होतात. पण मग सगळंच दुप्पट पळायला हवं. मागं एक बाई डोक्यावर हंडा घेऊन चालली होती, ती आपली तिच्या चालीनं चालत होती. बाईला एक घड्याळ आणि घडाला दुसरं, हे एकाच रस्त्यावर होत नाही. घड नंतर कोणीतरी चिकटवला होता.

मला खरी मजा झेलणाऱ्या गड्याची वाटली. घड वीस मीटर जायचा तर तो सेकंदाला निदान चौदा मीटर वेगानं सुटायला हवा, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटर, आणि तितक्याच वेगानं तो समोरच्याच्या छातीवर येणार. साठ किलोच्या माणसानं वीस किलोचा असा घड धरला, तर, घड तिरपा येतो हे धरूनही, दोघं मिळून ताशी नऊ किलोमीटरनं मागं जायला हवेत. निदान दोन-तीन पावलं तरी. झेलल्यावर तो व्हिडिओ अर्धा सेकंद चालतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात या पठ्ठ्याची टाचसुद्धा उचलत नाही. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो आणि जागतिक विक्रम २३.५६ मीटरचा, अमेरिकेच्या रायन क्राऊझरचा, २०२३ सालचा. आपला हा गडी जवळजवळ तिप्पट वजन तेवढंच लांब फेकतो आणि वर विडी ओढतो. ऑलिंपिकवाल्यांना कळवायला हवं.

पण श्रोतेहो, माझं चुकलेलंही सांगतो. बैलगाडीच्या शर्यतीचा एक व्हिडिओ आला होता. बैल पुढं धावतायत आणि चाकाचे आरे मात्र उलटे फिरतायत. मी ग्रुपवर ठोकून दिलं, खोटा आहे. दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या कडबाकुट्टीचं चाक फिरवून मीच मोबाईलनं घेतलं, तर तेही एका वेगाला थबकलं आणि मग उलटं फिरायला लागलं! दोन चित्रांच्या मधल्या वेळात एक आरा त्याच्या पुढच्या आऱ्याच्या जागी जवळजवळ पोचतो, थोडासा मागं राहतो. आपल्या डोळ्याला सगळे आरे सारखेच, म्हणून तो मागं सरकल्यासारखा वाटतो. ग्रुपवर माफी मागितली. ती कोणी वाचली नाही, ते सोडा.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर गॉर्डन नावाचं धरण आहे, १४० मीटर उंच. २०१५ साली काही तरुणांनी त्याच्या भिंतीवरून बास्केटबॉल सोडला. नुसता सोडला तेव्हा तो जवळपास सरळ खाली गेला. सोडताना बोटांनी थोडी उलटी फिरकी दिली, तर तोच चेंडू भिंतीपासून दूर, लांबच लांब तरंगत गेला. पहिल्यांदा पाहाल तर शपथेवर खोटा म्हणाल. पण तो खरा आहे. फिरणारा चेंडू शेजारच्या हवेला एका बाजूला ढकलतो आणि हवा चेंडूला दुसऱ्या बाजूला. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडायच्या आधीच हवेत वळतो ना, त्यातलीच ही गोष्ट. नारळाचा हिशोब इथं चालत नाही, कारण फुग्यासारख्या हलक्या, पोकळ वस्तूवर हवेची सत्ता फार. म्हणून मी घडाला जो नियम लावला तो पिसाला, पतंगाला लावत नाही.

पावसाळ्यात धरणांचे व्हिडिओ येतात. हतनूरच्या नावानं तर हमखास. हतनूर तापीवरचं बसकं, लांब धरण, एकेचाळीस दरवाज्यांचं. आणि व्हिडिओत पाणी कड्यावरून पडतंय. अशा वेळी पाण्याचा एखादा पांढरा गोळा निवडा, तो कडा सोडतो तिथून खाली आपटतो तोवर मोजा. चार सेकंद लागले तर ती उंची सत्तर-ऐंशी मीटरच्या घरातली, हवेनं थोडं अडवलं म्हणून काही मीटर वजा करा. ते कुठलंही धरण असो, हतनूर नव्हे.

विजेच्या व्हिडिओत चमक आणि कडकडाट एकदम आले आणि वीज पार डोंगरापलीकडे पडलेली दिसली, तर आवाज मागून जोडलाय. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात.

आता सावली. सावलीचं गणित तर आपल्या घरचं. चाळीसगावजवळ पाटणादेवीला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. त्या ग्रंथांतल्या 'लीलावती'त सावलीचं एक आख्खं प्रकरण आहे. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उभा करायचा, त्याची सावली मोजायची आणि त्यावरून दिव्याची उंची, दिव्याचं अंतर काढायचं. आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या पोरांनी जे केलं असेल, तेच आपण मोबाईलवर करायचं.

जळगाव एकवीस अंश उत्तरेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे एक दिवस असा येतो की भर दुपारी, साडेबाराच्या सुमाराला, उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्यावर पुन्हा, पण तेव्हा ढग. उलट संक्रांतीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, आणि भर दुपारीसुद्धा माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा फार कमी होत नाही. पाच फुटी माणसाची साडेचार फूट सावली, आणि ती उत्तरेकडे. एका जानेवारीत मला 'आज दुपारचा' म्हणून बाजारातल्या गर्दीचा व्हिडिओ आला, गाव आपल्याच जिल्ह्यातलं. लोकांच्या सावल्या पायाशी गोळा झालेल्या, चपलेएवढ्या. जानेवारीत आपल्याकडे कुठल्याच वेळी तशी सावली पडत नाही. व्हिडिओत कापाकापी काही नव्हती. गर्दी खरी, माणसं खरी, ऊनही खरं. ऊन उन्हाळ्यातलं होतं एवढंच.

घडाच्या वेळी चित्र खोटं होतं. इथं चित्र खरं आणि खालची ओळ खोटी. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात माझी काडी आणि माझी चित्रं मोजणं दोन्ही पास होतात.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव पोचल्या होत्या. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक असा होता: गल्लीत मुलं खेळतायत, मोटरसायकलवर दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात.

तो व्हिडिओ मी नंतर चित्र-चित्र करून पाहिला. मोटरसायकल नीट झुकते, मूल उचलताना गाडी थोडी डगमगते, जशी डगमगायला हवी तशीच. न्यूटनला काही तक्रार नाही. कारण ते खरोखरच घडलं होतं, कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या एका जाहिरातीसाठी. मूळ फितीत पुढं तीच मोटरसायकल परत येते, मुलाला उतरवलं जातं आणि स्वार एक फलक उघडून दाखवतो, की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणच पुरतो. आपल्याकडे फिरलेल्या फितीत ती मोटरसायकल परत येतच नव्हती. तेवढं कोणीतरी कापलं होतं.

भाच्याला त्या रात्री ओट्यावर मी हेही सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं घडाचा व्हिडिओ पुन्हा लावला, बोटानं पार शेवटाला नेला, आणि म्हणाला, "मामा, हा इथंच का संपतो?"

तेव्हापासून कुठलाही व्हिडिओ आला की मी तो आधी शेवटून बघतो.

नमस्कार.